डाव मोडला, खेळणारा कोठे गेला?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. २० ऑगस्टला विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमतही झाले. २१ तारखेस राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीन दिवसांत एवढा मोठा उद्योग कायद्याने बंद व्हावा, अशी उदाहरणे आपल्या संसदीय इतिहासात फारशी नाहीत. संमतीची शाई वाळते न वाळते तोच पोकर, रमी आणि काल्पनिक संघांवरील क्रिकेट चालविणाऱ्या बड्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबविले. क्रिकेटपटूंच्या छातीवर ज्या कंपनीचे नाव झळकत होते, तिने भारतीय संघाचे प्रायोजकत्वही सोडले. कोट्यवधी मोबाइलवरील डाव एका आठवड्यात मोडला.

या कायद्याची चर्चा बहुतांशी दोन अंगांनी झाली. उद्योगाच्या संघटनांनी दोन लाख नोकऱ्यांचा प्रश्न पुढे केला. सरकारने ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज संसदेपुढे ठेवला. दोन्ही बाजूंच्या या आकड्यांच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. ज्याच्या नावाने हा कायदा झाला, तो खेळणारा आता कोठे गेला? कंपनीचा संकेतस्थळावरचा पट उचलला म्हणजे खेळणाऱ्याच्या मनातील पट उचलला जात नाही, आणि त्याच्या डोक्यावरील कर्ज तर मुळीच उतरत नाही. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा शहर यांच्याकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर शोधणे काहीसे सोपे जाते. गेल्या काही वर्षांत जुगाराची जवळजवळ सर्व रूपे या चिंचोळ्या पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास दिसून आली आहेत.

गहुंज्याचे मैदान आणि बाजूची टेकडी

मावळ हा भाताचा आणि पावसाचा तालुका. परंतु २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याचे अर्थकारण पालटले. तळेगावला औद्योगिक वसाहत वाढली, पवना धरणाच्या काठाने शेतघरे उभी राहिली, लोणावळ्यात बंगले भाड्याने देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला आणि गहुंजे गावात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मोठे मैदान आले. जमिनीच्या व्यवहारातून काही कुटुंबांच्या हाती एकरकमी पैसा आला. वसाहतीत काम करणाऱ्या कंत्राटी तरुणांच्या हाती महिन्याचा पगार आणि चांगला मोबाइल आला. पैसा, फावला वेळ आणि साधन यांचा असा संगम जेथे होतो, तेथे जुगाराला निमंत्रण द्यावे लागत नाही.

मार्च २०२१ मध्ये याच गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांचे एकदिवसीय सामने झाले. साथीमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. तरीही पिंपरी-चिंचवड पोलिसांनी या सामन्यांवर सट्टा घेणाऱ्या ३३ जणांना अटक केली. त्यांतील काही जण मैदानाजवळच्या घोरवडेश्वराच्या टेकडीवरून दुर्बिणीने खेळ पाहत होते. घरातील दूरचित्रवाणीवर चेंडू दिसण्यास काही सेकंद उशीर होतो. टेकडीवरच्या माणसाला तो आधी दिसतो. त्या काही सेकंदांचीच ही कमाई होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एक गोष्ट लगेच उमगावी. जुगारात सामान्य माणूस नशिबाशी खेळतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो अशा कोणाशी तरी खेळत असतो, की ज्याला त्याच्या आधी काहीतरी दिसलेले असते.

दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०२३ चे. विश्वचषक स्पर्धेच्या दिवसांत पिंपरी-चिंचवड पोलीस दलातीलच एका उपनिरीक्षकाने मोबाइलवरील काल्पनिक संघाच्या खेळात दीड कोटी रुपये जिंकले. खात्याने शिस्तभंगाच्या कारणावरून त्याला निलंबित केले, हा भाग निराळा. परंतु त्या विजयाची बातमी घरोघर पोहोचली. जिंकणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. हरणाऱ्यांचे येत नाही, कारण तेवढी जागा कोणत्याही वृत्तपत्रात नसते. या एकतर्फी प्रसिद्धीतच जुगाराच्या धंद्याचे अर्धे भांडवल असते.

कौशल्य की नशीब?

पोकर खेळणाऱ्यांचा मुख्य दावा असा, की हा जुगार नव्हे. बुद्धीचा खेळ आहे. हा दावा उडवून लावण्याजोगा नाही. प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात, पाच पाने मेजावर सर्वांसाठी उघडी होतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बोलीवरून त्याच्या हातातील पानांचा अदमास घेत डाव चालवायचा असतो. संभाव्यतेचे गणित, संयम, स्मरणशक्ती आणि माणसांची पारख या सर्वांचा त्यात कस लागतो. दीर्घ काळात चांगला खेळणारा वाईट खेळणाऱ्यावर मात करतो, यात शंका नाही.

आपल्या न्यायालयांनीही हाच धागा धरला होता. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरविले. त्याच वेळी जेथे कौशल्य प्रधान असते अशा स्पर्धांना त्यातून वगळले. १९६८ साली रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ मानला गेला. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींना तोच न्याय मिळाला. पोकरविषयी मात्र उच्च न्यायालयांत एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगार म्हटले. इतर काही न्यायालयांनी त्याला कौशल्याच्या पंक्तीत बसविले. नागालँडने पोकरला परवाने दिले, तर तेलंगणाने २०१७ साली आणि आंध्र प्रदेशाने २०२० साली पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. एकाच देशातील एकच खेळ एका राज्यात उद्योग आणि दुसऱ्या राज्यात गुन्हा, अशी स्थिती होती. २०२५ च्या कायद्याने हा वादच निकालात काढला. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा असो. पैसे लावून ऑनलाइन खेळविला की तो निषिद्ध, अशी त्याची व्याख्या आहे.

जुगार हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या सूचीत आहे. मग केंद्राला हा कायदा करता येतो का, असा आक्षेप घेऊन कंपन्या न्यायालयांत गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. घटनेचा प्रश्न न्यायालय पाहील. परंतु कौशल्य की नशीब, हा प्रश्न कितीही सूक्ष्मपणे सोडविला तरी अर्थशास्त्राचा प्रश्न शिल्लकच राहतो. तो प्रश्न असा, की जिंकणाऱ्याचा पैसा येतो कोठून?

नालेचा हिशेब

गावातल्या पत्त्यांच्या अड्ड्यावर जो जागा, पाने आणि चहा पुरवितो, तो प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो. त्याला नाल म्हणतात. मोबाइलवरील पोकरमध्ये कंपनी जी वसुली करते, ती ही नालच होय. फक्त ती यंत्र कापते, आणि कापताना दिसत नाही. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. मेजावर सहा जण बसले; प्रत्येकाने १,००० रुपये ठेवले; एकूण ६,००० झाले. तासाला ६० डाव झाले, प्रत्येक डावात सरासरी २०० रुपये जमले आणि त्यांवर पाच टक्के नाल कापली गेली, असे धरले तर डावामागे १० आणि तासामागे ६०० रुपये कंपनीकडे जातात. दहा तासांत मेजावर ठेवलेल्या मूळ रकमेइतकी रक्कम कंपनीच्या गल्ल्यात जमा होते. सहाही जण तितकेच कुशल असले, तर सहाही जण तितकेच कफल्लक होतील.

या हिशेबाचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. खेळणाऱ्यांपैकी कोण हरेल, हे कौशल्य ठरविते. सर्व मिळून हरतील, हे नाल ठरविते. म्हणूनच अशा मेजावर काही कुशल माणसांना नियमित उत्पन्न मिळायचे असेल, तर त्या मेजावर अकुशल माणसांचा नवा पैसा सतत येत राहिला पाहिजे. नटांच्या आणि क्रिकेटपटूंच्या जाहिराती, नवागतास फुकट रक्कम, मित्राला आणल्यास बक्षीस, हा सारा खटाटोप त्या नव्या पैशासाठीच होता. कौशल्याने खेळून घर चालविणारा तरुण हा खोटा नव्हता. परंतु त्याचा पगार त्याच्याहून कमी कुशल अशा अनेकांच्या घरातून येत होता, हेही तितकेच खरे. शेतकरी पिकवितो, कामगार घडवितो, शिक्षक शिकवितो; त्यातून संपत्तीत भर पडते. येथे भर कशातच पडत नाही, केवळ खिसा बदलतो.

१९६८ च्या निकालात न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ म्हटले, हे सर्वांना पाठ आहे. पण जागेचा मालक किंवा क्लब त्यातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले होते, याची आठवण क्वचितच केली जाते. नालेचे महत्त्व न्यायालयाने तेव्हाच ओळखले होते. ऑनलाइन उद्योगाच्या वकिलांनी निकालाचे पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडून दिले.

आधी कर, मग बंदी

बंदीपूर्वीच सरकारने कराचा फास आवळला होता. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर उगमस्थानीच कापला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून वस्तू व सेवा कर कंपनीच्या नालेवर नव्हे, तर खेळणाऱ्याने भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के दराने लागू झाला. म्हणजे करासह १०० रुपये भरणाऱ्याच्या हाती खेळण्यासाठी सुमारे ७८ रुपयेच उरावेत. कंपन्यांनी काही काळ हा भार सवलतींच्या रूपाने स्वतः सोसला. परंतु जो खेळ आधीच नालेमुळे तोट्याचा होता, तो कराने अधिकच तोट्याचा झाला.

यातील विसंगती अशी, की ऑगस्टमध्ये ज्या खेळावर बंदी आली, त्याच खेळाचा समावेश ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने ४० टक्क्यांच्या नव्या श्रेणीत केला. एका हाताने दार बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने दारावर जकात नाका बसवायचा, असा हा प्रकार. त्याच श्रेणीत लॉटरी, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यती आहेत. त्या मात्र चालू आहेत. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ पासून सरकारच चालविते. १९७६ साली या राज्याने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, तो जवळजवळ अर्धशतक न वापरता ठेवला आणि २०२३ साली रद्द केला. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रातील जहाजांवर कॅसिनो दिमाखात उभे आहेत. जुगार वाईट म्हणून बंद, असे सरकार म्हणते तेव्हा कोणता जुगार आणि कोणासाठी वाईट, असे विचारण्याचा अधिकार नागरिकाला पोहोचतो.

तीन वाटा

मोडलेल्या डावावरून उठलेल्या खेळाडूपुढे सोडून देण्याची वाट आहेच, आणि पुष्कळांनी ती धरली असेल तर बंदीचे तेवढे यश मानले पाहिजे. परंतु ज्याला सुटत नाही, त्याच्यापुढे तीन वाटा उरतात.

पहिली वाट परदेशी संकेतस्थळांची. अमेरिकेने हा अनुभव आपल्या आधी घेतला. १५ एप्रिल २०११ रोजी तेथील न्याय खात्याने पोकरच्या तीन मोठ्या कंपन्यांवर कारवाई केली. व्यवसाय म्हणून खेळणारे काही जण कॅनडा, मेक्सिको, कोस्टा रिका येथे राहावयास गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे उघड झाली. त्यांतील एका कंपनीकडे खेळणाऱ्यांची सुमारे ३९ कोटी डॉलरची देणी होती आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. लोकांची ठेव कंपनीने खर्चून टाकली होती. दुसऱ्या कंपनीने २०१२ मध्ये सरकारशी तडजोड करून ती विकत घेतली, आणि अमेरिकेतील खेळाडूंना पैसे परत मिळण्यास २०१४ उजाडले. परवानाधारक नसलेल्या कंपनीकडे पैसे ठेवणे म्हणजे काय, याचा हा धडा आहे. आपल्याकडे आभासी चलनातून आणि भाड्याच्या बँक खात्यांतून परदेशी संकेतस्थळांकडे पैसा पाठविणाऱ्याला हा धडा कोणी शिकविणार नाही. तो स्वतःच्या खर्चाने शिकावा लागेल.

आणि परदेशी संकेतस्थळे वाटतात तितकी परदेशी नसतात. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी याच जिल्ह्यातील नारायणगाव येथे एका इमारतीवर छापा घातला आणि महादेव या सट्ट्याच्या ॲपशी संबंधित कामावरून सुमारे ९० जणांना ताब्यात घेतले. ॲपवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्येच बंदी घातली होती. धनी समुद्रापार, काम करणारी मुले मात्र द्राक्षे आणि टोमॅटोसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. छाप्यात धनी सापडत नाही, मुले सापडतात.

दुसरी वाट बंगल्याची. लोणावळ्यातील बंगल्यात शनिवार-रविवार पत्त्यांचे डाव रंगणे आणि पोलिसांचे छापे पडणे, ही स्थानिक वाचकांस नवी गोष्ट नाही. ऑनलाइन मेज उठले, की खरे मेज मांडण्याचा मोह वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. येथे कायद्यातील एक विचित्र फट उघडी पडते. २०२५ चा कायदा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगतो. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे आणि पन्नास लाख सांगतो. पण खेळणाऱ्यास शिक्षा सांगत नाही. तो बळी आहे, अशी सरकारची भूमिका आहे आणि ती योग्यही आहे. परंतु तोच माणूस मोबाइल खिशात ठेवून लोणावळ्याच्या बंगल्यात मेजाशी बसला, की त्याला १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होतो. त्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली जुगारअड्ड्यावर खेळताना सापडणारा प्रत्येक जण आरोपी असतो. घरात बसून हरला तर बळी. बंगल्यात बसून हरला तर गुन्हेगार!

त्याच कायद्याचे चौथे कलम अड्डा चालविणाऱ्यासाठी आहे; परंतु जागेची देखभाल करणारा आणि अड्डा चालविण्यास कोणत्याही प्रकारे साह्य करणारा, यांनाही ते लागू पडू शकते. लोणावळ्याच्या बंगल्यांची देखभाल कोण करतो? आसपासच्या गावांतील माणूस. ज्या जमिनीवर आजा भात लावीत होता, त्या जमिनीवरील बंगल्याच्या किल्ल्या तो सांभाळतो, बागेला पाणी घालतो, पाहुण्यांना जेवण आणून देतो. मेज त्याचे नाही, नाल त्याची नाही, पैसा त्याचा नाही. परंतु छाप्याच्या रात्री तो जागेवर असतो आणि मालक मुंबईस असतो. तो निर्दोष ठरला तरी त्याच्यामागे वडगावच्या न्यायालयाच्या खेपा लागतात. एकशे अडतीस वर्षांच्या अंतराने केलेले दोन कायदे एकाच पापाकडे दोन दृष्टींनी पाहतात आणि त्यांच्या मधल्या फटीत अशी साधी माणसे सापडतात.

तिसरी वाट सर्वांत प्रतिष्ठित आहे. ती शेअर बाजारातील वायदे व्यवहारांची. पोकरच्या मेजावरून उठलेल्या माणसाला तेथे तीच धडधड, तोच अंदाज, तीच झटपट फेड मिळते, आणि घरी सांगताना ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरता येतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे ऑनलाइन जुगारात वर्षाला २० हजार कोटी जात होते. तुलना वाचकांनीच करावी. वायदे बाजाराला जोखीम वाटून घेण्याचे खरे काम असते, हे मान्य; परंतु आठवड्याच्या अखेरीस संपणाऱ्या पर्यायावर पगार लावणारा कारकून कोणतीही जोखीम वाटून घेत नसतो. तो पत्तेच खेळत असतो, फक्त पाने निराळी असतात.

मटक्याचा धडा

बंदीने जुगार संपतो का, याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर आकडा लावण्याची चाल होती. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. आकडा बंद पडावयास हवा होता. परंतु एक-दोन वर्षांतच मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरविण्याची पद्धत निघाली आणि मटका हा शब्द मराठी भाषेत कायमचा बसला. कापसाचा आधार गेला. आकडा तसाच राहिला. पुढे छापे पडले, आणीबाणीत धरपकड झाली. तरी मटका गिरणगावाच्या चाळीचाळींतून चालू राहिला. त्याला खरा उतार पडला तो १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि कामगाराचा पगारच आटला तेव्हा. जुगार थांबविण्याची ही रीत कोणासही नको असेल.

यावरून बंदी व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मटक्यासाठी निदान बुकीपर्यंत चालत जावे लागे. मोबाइलवरील मेज रात्री दोन वाजता उशाशी असे. प्रवेश जितका सोपा, तितके नवे बळी अधिक. जाहिराती थांबल्या, क्रिकेटच्या सामन्यात दर षटकाला येणारे आमिष थांबले, अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा खेळावेसे वाटण्याची शक्यता कमी झाली, हा या कायद्याचा निर्विवाद लाभ आहे. बंदी नव्या माणसाला वाचविते. जुन्या माणसासाठी मात्र आणखी काही करावे लागते, आणि तेच राहून गेले आहे.

जामीनदाराचे घर

जुगारातील तोटा खेळणाऱ्यापाशी थांबत नाही. शिक्षक आणि कारकून यांना हे सांगण्याची गरज नाही, कारण पगारदारांची पतसंस्था प्रत्येकाच्या परिचयाची आहे. कर्जासाठी दोन जामीनदार लागतात. ते बहुधा त्याच शाळेतील किंवा त्याच कचेरीतील सहकारी असतात. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून काढलेले कर्ज पोकरच्या मेजावर गेले, हप्ते थकले, की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते. ज्याने आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, त्याच्या घरातील किराणा कमी होतो. मोबाइलवर क्षणात मिळणाऱ्या कर्जांचा फास याहून घट्ट. खेळाचे ॲप बंद झाले, तरी कर्जाचे ॲप चालूच असते. आणि हरलेली रक्कम एकाच मोठ्या डावात भरून काढण्याची ओढ अशा वेळीच सर्वांत तीव्र होते. म्हणून बंदीनंतरचे महिने हे खेळणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे मानले पाहिजेत.

यावर करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. कंपन्यांकडे खेळणाऱ्यांच्या ज्या ठेवी होत्या, त्या पै न पै परत गेल्या की नाहीत, याचा हिशेब सरकारने जाहीर करावा. मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जुगाराच्या व्यसनासाठीही तेथे मदत मागता येते, हे शाळा, कारखाने आणि ग्रामपंचायती यांच्या फलकांवर लिहिले गेले पाहिजे. पतसंस्थांनी कर्जदाराचे हप्ते थकण्याची वाट न पाहता, त्याची नव्या कर्जाची मागणी वारंवार येऊ लागली की जामीनदारांना विश्वासात घ्यावे. महाविद्यालयांत संभाव्यता हा विषय नाण्याच्या छापा-काट्यावर संपतो. तो नालेच्या हिशेबापर्यंत न्यावा. आणि राज्य सरकारने १८८७ च्या कायद्याकडे पुन्हा एकदा पाहून नाल काढणारा, खेळणारा आणि किल्ल्या सांभाळणारा या तिघांत फरक करावा. पहिल्यावर कठोर, दुसऱ्यावर उपचाराची दृष्टी ठेवणारा आणि तिसऱ्याला विनाकारण न ओढणारा कायदा हा काही अशक्य कायदा नव्हे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. फाशांनी घर मोडले, पत्नी दुरावली, तरी पाय पुन्हा तिकडेच वळतात, असे तेथला जुगारी सांगतो. हजारो वर्षांत माणूस फारसा बदललेला नाही. बदलले आहे ते मेज. संसदेने ते मेज उचलले, हे बरेच झाले. परंतु मेज उचलताना त्याच्याशी बसलेल्या माणसाला घरापर्यंत पोहोचवून देणे, हेही राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. ते झाले नाही, तर घाटाच्या माथ्यावरील एखाद्या बंगल्यात दिवे लागतील, आणि छाप्याच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आरोपींची संख्या छापून येईल. त्या संख्येत कोण बळी होता, कोण गुन्हेगार आणि कोण नुसता किल्ल्या सांभाळणारा, हे कोणासही कळणार नाही.